तीन इलेक्टिव्ह आणि एक टेबल

या शनिवारी जरा वेगळा विषय. माझी भाची बदलापूरची. सध्या परराज्यातल्या एका संस्थेत कॉग्निटिव्ह सायन्समध्ये एमएस्सी करतेय. मागच्या आठवड्यात तिने एक यादी पाठवली. तिसऱ्या सेमिस्टरला तीन इलेक्टिव्ह आहेत आणि त्यातला एकच घेता येतो: 'भाषा आणि मन', 'बोधनिक चेताविज्ञान' (म्हणजे मेंदूच्या बाजूने मनाचा अभ्यास) आणि 'कम्प्युटेशनल मॉडेलिंग'. यादीखाली एक ओळ, "मामा, तू कम्प्युटरवाला आहेस म्हणून लगेच तिसरा सांगू नकोस."

प्रश्न वाटतो तितका हलका नाही. जो इलेक्टिव्ह घ्यायचा त्याच्याच सरांकडे शेवटच्या सेमिस्टरचा प्रबंध, आणि प्रबंध ज्या विषयात त्याच विषयात पुढे पीएचडीची किंवा नोकरीची दारं. इतक्या लांब शिकायला गेलेली आमच्या घरातली ही पहिली मुलगी, डोक्यावर शैक्षणिक कर्ज. नाही जमलं तर "चला, पुढच्या वर्षी दुसरा घेऊ" अशी सोय नाही.

मी दोन दिवस मागून घेतले आणि सवयीप्रमाणे इतिहासात शिरलो. जुना कोड हातात आला की मी आधी एकच बघतो: हे तीन मोड्यूल वेगळे का केलेत? कामाचीच तशी गरज होती, की त्या काळी तीन टीम तीन मजल्यांवर बसायच्या म्हणून? बहुतेक वेळा उत्तर मजल्यांचं असतं! कोर्सच्या याद्यांचंही तसंच असावं असा मला दाट संशय होता.

सुरुवात घराजवळून करू. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या बीए रचनेत तिसऱ्या वर्षाला मानसशास्त्राचे पेपर चौथ्यापासून नवव्यापर्यंत असायचे. मानसशास्त्रीय चाचण्या आणि संख्याशास्त्र, अपसामान्य मानसशास्त्र, औद्योगिक आणि संघटनात्मक मानसशास्त्र हे पहिले तीन. मग बोधनिक मानसशास्त्र, प्रात्यक्षिकं आणि समुपदेशन. कोणी सहाच्या सहा घ्यायचं, कोणी पहिले तीन घेऊन उरलेले तीन दुसऱ्या विषयाचे घ्यायचं. आता गंमत बघा. तीन घेणाऱ्याला मनोविकार भेटायचे, कारखान्यातलं व्यवस्थापन भेटायचं, पण माणूस लक्षात कसं ठेवतो, बघतो कसा, वाचतो कसा हे भेटायचंच नाही. ते सगळं दुसऱ्या अर्ध्यात, आणि प्रयोग करायची प्रात्यक्षिकंही तिकडेच. नवीन शैक्षणिक धोरणानंतर मेजर-मायनरची वेगळी रचना आली, त्यामुळे हे आता जुनं झालं. पण भाची जुन्या रचनेतली. तिने तीन मानसशास्त्राचे आणि तीन समाजशास्त्राचे पेपर घेतले होते, कारण तेवढ्यात दुपारची गाडी पकडून घरी येऊन शिकवण्या घेता यायच्या. बोधनिक मानसशास्त्राचं पुस्तक तिने परीक्षेसाठी कधी वाचलंच नाही. वाचलं ते लोकलमध्ये, मैत्रिणीकडून मागून आणून, विठ्ठलवाडी ते बदलापूर उभ्याने. (एमएस्सीची प्रवेश परीक्षा त्यावर निघाली हे वेगळं.)

आणि ज्या गाडीत उभं राहून ती हे वाचत होती, तिच्या पुढच्या केबिनमध्ये हाच विषय बसलेला असतो! रेल्वेत असिस्टंट लोको पायलट व्हायचं तर लेखी परीक्षेनंतर कम्प्युटरवरची अभिक्षमता चाचणी द्यावी लागते. स्मरणशक्ती, सूचना पाळणं, अंतराचा अंदाज, एकाग्रता आणि नजरेचा वेग अशा पाच गोष्टी त्यात तपासतात. लखनौच्या आरडीएसओमधला सायको-टेक्निकल विभाग हे काम बघतो. या पाचातली कुठलीही चाचणी उचला, ती बोधनिक मानसशास्त्राच्या कुठल्या ना कुठल्या प्रकरणातली निघेल. आमच्याकडे अंबरनाथ-बदलापूरला या परीक्षेच्या तयारीला बसलेली पोरं गल्लोगल्ली आहेत. ती जे रट्टा मारून करतात त्याचा सिद्धांत आपल्याकडे ऐच्छिक होता. असो.

ही चाचण्यांची भानगड आली कुठून? युद्धातून. आणि इथे उल्हासनगरचा एक धागा लागतो. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेले सुमारे एक लाख निर्वासित तिथल्या बराकींमध्ये उतरले, ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वस्तीचं उल्हासनगर झालं, आणि लोक अजूनही पत्ता सांगताना कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर चार म्हणतात. ज्या युद्धाने आपल्याला ते कॅम्प दिले त्याच युद्धाने मानसशास्त्राला एक नवीन प्रश्न दिला. रडारच्या पडद्यासमोर तासन्‌तास बसलेल्या माणसाच्या नजरेतून ठिपका निसटतो. का? केंब्रिजला १९४४ मध्ये याच कामासाठी एक संशोधन विभाग निघाला. त्याचा पहिला प्रमुख केनेथ क्रेक. मेंदू बाहेरच्या जगाची एक छोटी प्रतिकृती आत चालवतो, ही कल्पना त्याची. युरोपातलं युद्ध संपलं त्याच सुमारास, मे १९४५ मध्ये, तो सायकलच्या अपघातात गेला. वय अवघं ३१. पुढे त्याच विभागात नॉर्मन मॅकवर्थने एक घड्याळ केलं. काटा टिकटिक पुढे सरकतो, मधूनच कधीतरी एकदम दोन घरं उडी मारतो, आणि समोरच्याने तेवढीच उडी पकडायची. पहिल्या अर्ध्या तासातच माणसं उड्या सोडायला लागतात. ज्यांनी रात्रपाळीला सर्व्हरचे ग्राफ बघितलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तोपर्यंत विद्यापीठांतल्या मानसशास्त्रात, विशेषतः अमेरिकेत, वर्तनवादाचं राज्य होतं. आत काय चालतं ते विचारू नका, उद्दीपक आणि प्रतिसाद मोजा. युद्धाने नाइलाज केला. रडारवाल्याचं वर्तन तर काहीच दिसत नाही, तो नुसता बसलेला असतो! त्याच्या 'लक्षा'बद्दल बोलायचं तर आत डोकावणं आलंच.

मग आलं १९५६. कॉग्निटिव्ह सायन्सचा वाढदिवस म्हणून ११ सप्टेंबर १९५६ सांगतात, आणि ते जॉर्ज मिलरने स्वतः सांगितलेलं आहे. एमआयटीत माहिती सिद्धांतावर परिसंवाद होता. त्या एका दिवसात नेवेल आणि सायमन यांनी तर्कशास्त्रातली प्रमेयं सिद्ध करणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल सांगितलं, चॉम्स्कीने भाषेची तीन प्रारूपं मांडली आणि मिलरने अल्पकालीन स्मृतीच्या मर्यादेबद्दल सांगितलं. (सात अधिक-उणे दोन म्हणतात ती हीच. तिच्यावरचा त्याचा प्रसिद्ध लेख त्याच वर्षी आधी छापून आला होता.) भाचीची यादी परत बघा. भाषा आहे, मॉडेलिंग आहे. आज एक घेतला तर दुसरा सोडावा लागतो अशा ज्या दोन गोष्टी, त्या जन्मल्या दिवशी एकाच सभागृहात एकामागून एक ऐकल्या गेल्या होत्या. आणि ऐकणाऱ्याला वाटलं की हे सगळं एकच आहे.

वाटण्या नंतर झाल्या, आणि त्यामागे पैसा होता. सत्तरच्या दशकात स्लोन फाउंडेशनने या नव्या विषयाला मोठा निधी द्यायचं ठरवलं. १९७८ च्या अहवालात एक षट्कोन काढला गेला: तत्त्वज्ञान, भाषाविज्ञान, मानववंशशास्त्र, चेताविज्ञान, संगणकशास्त्र, मानसशास्त्र. सहा कोन, सहा खाती. कोणाकोणामध्ये आधीपासून पूल आहेत आणि कुठे नाहीत, हे त्या चित्रात रेघांनी दाखवलं होतं. पुढे विद्यापीठांनी विभाग काढले ते हे चित्र समोर ठेवून. चित्रातल्या रेघा राहिल्या बाजूला, कोनांचे मात्र कोर्स झाले. निधी मागायच्या अर्जातलं चित्र पुढे अभ्यासक्रम होऊन बसतं, हे आमच्या धंद्यातही रोज होतं. क्लायंटला दाखवायच्या स्लाइडवरचे चौकोन वर्षभरात सर्व्हिसेस होतात.

आपल्या देशात काय चाललं होतं? कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. नरेंद्रनाथ सेनगुप्त हार्वर्डहून म्युन्स्टरबर्गकडे शिकून आले होते आणि म्युन्स्टरबर्ग हा वुंटचा विद्यार्थी. म्हणजे लाइपझिगची १८७९ ची प्रयोगशाळा ते कलकत्ता, मध्ये फक्त एक माणूस! पुण्याला स्वातंत्र्यानंतर विद्यापीठात विभाग निघाला त्याचं नावच 'प्रायोगिक मानसशास्त्र', प्रमुख व्ही. के. कोठुरकर. मुंबई विद्यापीठाने १९५९ मध्ये काढला त्याचं नाव 'उपयोजित मानसशास्त्र'. दोन शहरांचा स्वभाव या दोन नावांत आलाय असं मला उगाचच वाटतं. पुणेकरांनी प्रयोग करायचे, मुंबईकरांनी "याचा उपयोग काय?" विचारायचं.

पुण्यातलीच दुसरी गोष्ट जास्त रंजक आहे. आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. आप्पांची पीएचडी मानसशास्त्रातली. बुद्धिमान मुलं शोधायची तर बुद्धी म्हणजे नक्की काय, हे ठरवायला हवं. प्रबोधिनीने त्यासाठी गिल्फर्डचं प्रारूप घेतलं. गिल्फर्ड म्हणायचा, बुद्धी एक नाही. पाच प्रकारच्या क्रिया, चार प्रकारचा आशय, सहा प्रकारची फलितं, गुणाकार करा, एकशेवीस क्षमता. (थ्री-डायमेन्शनल अॅरे, सरळ!) उषा खिरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रारूपावर वर्षानुवर्षं काम करून मराठी मुलांसाठी चाचण्या तयार केल्या. मानसशास्त्राच्या मुख्य प्रवाहात गिल्फर्डचे एकशेवीस कप्पे टिकले नाहीत, त्याच्या आकडेमोडीवर जबर टीका झाली. पण विचारप्रक्रियांचे तुकडे पाडून ते मोजण्याचं काम मराठीतून इतक्या चिकाटीने दुसरं कोणी केल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. आणि हा गिल्फर्ड युद्धात काय करत होता? अमेरिकन हवाई दलासाठी वैमानिक निवडायच्या चाचण्या बनवत होता. पुन्हा युद्धच.

आता भाचीच्या यादीतला एकेक कोर्स मुंबईच्या बाजूने बघतो.

चेताविज्ञान. परदेशातला इतिहास सगळ्यांना माहीत असतो. १८६१ मध्ये ब्रोकाचा 'टॅन' म्हणणारा रुग्ण, मग १९२९ ला बर्गरने छापलेला मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख, १९९० ला ओगावाने रक्तातल्या प्राणवायूवरून मेंदूचं काम दिसतं हे दाखवलं, त्यातून एफएमआरआय. मुंबईचा धागा वेगळाच आहे आणि तो कुलाब्याला आहे. होमी भाभांच्या बोलावण्यावरून ओबेद सिद्दिकी १९६२ मध्ये टीआयएफआरमध्ये आले. पुढे ते फळमाशीवर काम करायला लागले. वास नीट न येणाऱ्या, चव नीट न कळणाऱ्या माश्या शोधायच्या आणि त्यांच्यात कुठलं जनुक बिघडलंय ते बघायचं. व्हेरोनिका रॉड्रिग्ज त्यांच्याच विद्यार्थिनी. वास आणि चव म्हणजे संवेदन, म्हणजे मनाची पहिली पायरी. पण टीआयएफआरमध्ये या कामाला कोणी मानसशास्त्र म्हटलं नाही, आणि मानसशास्त्राच्या वर्गात कोणी माशीचं नाव काढलं नाही. मजले वेगळे!

भाषा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुनरुज्जीवन झालं आणि भाषाविज्ञान तिथे रुजलं. अशोक केळकर हे त्या परंपरेतलं मराठी वाचकाला सगळ्यात ओळखीचं नाव. पण वाचताना डोक्यात काय होतं याचा प्रयोग करायचा तर भाषाविज्ञान आणि मानसशास्त्र दोन्ही लागतात. एक उदाहरण देतो, कारण ते आपल्या रोजच्या अक्षराचं आहे. 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढतो आणि उच्चारताना 'क' आधी म्हणतो. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांवर प्रयोग छापले. ऱ्हस्व वेलांटी असलेल्या, म्हणजे लिहिण्याचा आणि बोलण्याचा क्रम उलटा असलेल्या शब्दांशी वाचकाला जरा जास्त झगडावं लागतं. आता हाच प्रश्न आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना कसा भेटला ते बघा. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी आधी टाइप करायची, जशी दिसते तशी. युनिकोडने उच्चाराचा क्रम धरला, 'क' आधी साठवायचा, वेलांटी नंतर, आणि पडद्यावर दाखवताना पुढे आणायची. मी या साठवण्या-दाखवण्याच्या भानगडीत आयुष्यातले कित्येक शनिवार घालवलेत. तेव्हा कुठे माहीत होतं की हीच उलटापालट वाचणाऱ्याच्या डोक्यातही मोजता येते.

आणि मॉडेलिंग. इथे ज्याच्यासाठी मी एवढा लांबचा वळसा घेतला तो माणूस येतो. आर. नरसिंहन. भारतात बांधलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक कम्प्युटर टीआयएफआरॅक, तो १९६० मध्ये पूर्ण क्षमतेने चालू झाला, आणि तो बांधणाऱ्या गटाचे नरसिंहन प्रमुख. गणितातली पीएचडी इंडियाना विद्यापीठाची. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते इलिनॉयला गेले आणि तिथे त्यांनी कम्प्युटरला चित्रं कशी वाचायला लावायची यावर काम केलं. चित्राला व्याकरण असतं असं समजून त्याचं पृथक्करण करायचं, ही त्यांची पद्धत. परत आल्यावर त्यांना भाषेने गाठलं. 'मॉडेलिंग लँग्वेज बिहेवियर' हे त्यांचं पुस्तक १९८१ चं. नावातला 'बिहेवियर' शब्द मुद्दाम आहे. चॉम्स्की आदर्श वक्त्याच्या डोक्यातल्या व्याकरणाबद्दल बोलत होता. नरसिंहन यांना खऱ्याखुऱ्या मुलाने खऱ्या घरात भाषा कशी उचलली ते हवं होतं. म्हणून त्यांनी आणि आर. वैद्यनाथन यांनी एका लहान तमिळ मुलीचं मोठ्यांशी चाललेलं बोलणं कम्प्युटरला वाचता येईल अशा रीतीने नोंदवून घेतलं. तो संच आज मुलांच्या भाषेच्या आंतरराष्ट्रीय संग्रहात आहे, कोणीही बघू शकतो.

कम्प्युटर बांधणारा माणूस दोन-अडीच वर्षांच्या पोरीच्या बडबडीची नोंद करायला बसतो! त्याने आधी मॉडेलिंग घेतलं की भाषा? त्याच्या टेबलावर हे वेगळे कोर्स नव्हतेच. आमच्या पिढीला टीआयएफआरॅक माहीत असतो, निदान क्विझपुरता. ती तमिळ मुलगी माहीत नसते.

इतका इतिहास वाचून भाचीला काय सांगायचं? "तिन्ही एकच आहेत" हे उत्तर खरं आहे आणि निरुपयोगी आहे. फॉर्मवर एकच खूण करायची असते.

मॉडेलिंगबद्दल आधी सांगतो, कारण तिला तिथेच माझा संशय होता. सॉल स्टर्नबर्गचा १९६६ चा प्रयोग घ्या. चार-पाच आकडे दाखवायचे, मग एक आकडा दाखवून विचारायचं, यात होता का? यादीत एक आकडा वाढला की उत्तराला साधारण ३८ मिलिसेकंद जास्त लागतात. चक्क लिनियर सर्च. मजा पुढे आहे. 'होता' म्हणायला आणि 'नव्हता' म्हणायला वाढणारा वेळ सारखाच. म्हणजे आकडा सापडला तरी मन लूपमधून बाहेर पडत नाही, शेवटपर्यंत जातं! ब्रेक स्टेटमेंट विसरलेला प्रोग्रॅम. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठलो होतो. पण नंतर टाउनसेंड वगैरे मंडळींनी दाखवलं की सगळे आकडे एकाच वेळी तपासणारं प्रारूपही हीच सरळ रेघ देऊ शकतं. एकच आउटपुट, दोन वेगळे प्रोग्रॅम. मग खरा कुठला हे कोडकडे बघून ठरत नाही, नवा प्रयोग करून ठरतं. मॉडेलिंगचा जीव प्रयोगाच्या आकड्यांत असतो. हा सगळा प्रयोग मी एका शनिवारी शंभर-सव्वाशे ओळींत लिहिला होता आणि घरातल्या चौघांवर चालवला होता. (सौ. दुसऱ्या फेरीला उठून गेल्या.)

म्हणून मी तिला कोर्सची नावं बाजूला ठेवायला सांगितली आणि विचारलं, मार्क कशावर आहेत ते पाठव. आलं ते असं. चेताविज्ञान: दोन लेखी परीक्षा आणि एक सेमिनार, मशीनला हात लावायचा तो थेट पीएचडीवाल्यांनी. मॉडेलिंग: पायथनमधल्या सहा असाइनमेंट, तयार डेटावर. भाषा आणि मन: स्वतः माणसं गोळा करून एक छोटा प्रयोग, डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या आय-ट्रॅकरवर, आणि त्याचा अहवाल.

मी सांगितलं, भाषा घे. पायथन तुला मी शिकवीन, नाहीतर नेटवर शिकशील. मेंदूची प्रकरणं वाचून होतील. पण आय-ट्रॅकर बदलापूरला मिळणार नाही, आणि आपल्या प्रयोगाला बसलेला माणूस मध्येच कंटाळून जांभई देतो तेव्हा त्या आकड्यांचं काय करायचं हे कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. शिवाय हे यंत्र फक्त भाषावाल्यांचं राहिलेलं नाही. पवईला आयआयटीत पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटाने वाचकाच्या नजरेच्या नोंदी घेऊन कम्प्युटरला उपरोध ओळखायला शिकवायचे प्रयोग केलेत. भाषेच्या दारातून शिरलं तरी मॉडेलिंगच्या खोलीत जाता येतं. उलट दिशेने जाणारे मला कमी दिसतात.

यात तोटा आहे, आणि तो मी लपवला नाही. मेंदूच्या कामाला निधी जास्त मिळतो, हॉस्पिटलं आणि औषध कंपन्या त्या बाजूला आहेत, आणि बँकेच्या हप्त्याला भाषा आणि मन कळत नाही. ती म्हणाली, "आईला काय सांगू?" ताईला मीच फोन केला. ताईचा प्रश्न एकच होता, यात नोकरी आहे का. मी म्हटलं, मोबाइल आणि वेबसाइट बनवणाऱ्या कंपन्या माणूस पडद्यावर कुठे बघतो हे तपासायला लोक ठेवतात, आमच्याकडेही ठेवतात. तेवढ्यावर ताई गप्प बसली. पटली असं मी म्हणणार नाही.

प्रयोगाचा विषय मात्र भाचीने स्वतः काढला, आणि तो ऐकून मला हेवा वाटला. उल्हासनगरात सिंधी दोन लिप्यांत वाचली जाते. जुनी माणसं अरबी वळणाच्या लिपीत, बावन्न अक्षरं, उजवीकडून डावीकडे. पुढच्या पिढीतले काही देवनागरीत, डावीकडून उजवीकडे. बऱ्याच तरुणांना फक्त बोलता येते. तीच भाषा, तेच शब्द, बहुतेक वेळा तेच घर, आणि नजर उलट दिशांनी चालते. देवनागरीत सिंधीचे आत ओढून काढायचे आवाज दाखवायला ॻ, ॼ, ॾ, ॿ अशी खाली रेघ असलेली अक्षरं आहेत. युनिकोडमध्ये ती २००६ च्या आवृत्तीत आली, त्याआधी आम्ही लोक साध्या 'ग'खाली रेघ मारून वेळ भागवत होतो. वाचायच्या दिशेचा परिणाम वाचन सोडून इतर ठिकाणीही होतो का, यावर ज्योत्स्ना वैद यांनीच १९८९ मध्ये महाराज सिंग यांच्यासोबत काम केलं होतं. अर्धा हसरा, अर्धा गंभीर चेहरा बघताना माणूस कुठल्या बाजूवर विसंबतो, हे त्यांनी वेगवेगळ्या दिशेने वाचणाऱ्या लोकांत तपासलं. उल्हासनगरात तीच तुलना एका भाषेच्या आत करता येईल.

अडचण वयाची आहे. उजवीकडून वाचणारे म्हातारे, डावीकडून वाचणारे तरुण. फरक सापडला तर तो लिपीचा की वयाचा? यावर तिचा उपाय असा की दोन्ही लिप्या येणारी माणसं शोधायची आणि एकाच माणसाला दोन्ही वाचायला द्यायच्या. म्हणजे प्रत्येक जण स्वतःशीच ताडला जाईल. अशी माणसं कॅम्पांमध्ये आहेत: निवृत्त शिक्षक, जुने दुकानदार, दरबारात पोथी वाचणारे. बरेचसे सत्तरीच्या पुढचे, काहींची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली, आणि आय-ट्रॅकरला जाड चष्मा चालत नाही. संस्थेतलं यंत्र उचलून इथे आणता येत नाही, म्हणून लॅपटॉपला जोडायचं छोटं यंत्र महिनाभर मिळतं का, ते ती सरांना विचारतेय. दिवाळीच्या सुट्टीत आली की कॅम्प नंबर चारपासून सुरुवात करायची असं ठरलंय. माणसं शोधायला मी बरोबर जाणार आहे. सिंधी मला 'साईं'च्या पुढे येत नाही.